राजाचा बाण काढायचा नाही

आमच्या भिलाईत टीव्हीवरची चेटकीण म्हशीच्या कवटीवर बसून उडाली तर कुणाला काही वाटत नाही. पण जखमी सेनापतीच्या गळ्यातल्या झोळीची गाठ चुकली, तर दुसऱ्या दिवशी भाजीबाजारात त्याची चर्चा होते. ही थट्टा नाही. त्या एका गाठीमुळे मला निवृत्तीनंतर पुन्हा काम मिळालं.

मी नर्स. माहेर दुर्गचं, आणि लग्नानंतर सगळा संसार सेक्टर सहाच्या कंपनी क्वार्टरमध्ये. नोकरीची सुरुवातीची वर्षं वॉर्डात गेली आणि पुढची सगळी प्रथमोपचार शिकवण्यात. स्टील प्लांटमध्ये नवा माणूस भरती झाला की आधी माझ्या वर्गात बसायचा. शिवाय शाळा, महिला मंडळं, नंदिनी गावची चुनखडीची खाण, जिथून बोलावणं येईल तिथे मी त्रिकोणी पट्ट्यांची पिशवी घेऊन स्कूटरवर हजर. त्यामुळे या गावात रीफ नॉट येणारा एक तरी माणूस नसेल असं घर मिळणं कठीण. 'उजवा डाव्यावर, डावा उजव्यावर' हे इथली मुलं पाढ्यांसारखं म्हणतात. ही गाठ सपाट बसते, ओढली तरी सरकत नाही आणि सोडायची म्हटली की लगेच सुटते. उलटी पडली तर झोळी घसरते आणि मोडक्या हाताचा माणूस आईची आठवण काढतो.

बाहेरच्या माणसाला वाटतं प्रथमोपचार म्हणजे मलमपट्टी. खरं सांगू का, प्रथमोपचार म्हणजे मुख्यतः हात आवरणं. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालू नका. भाजल्यावर टूथपेस्ट थापू नका. फिट आलेल्याला चप्पल हुंगवू नका. मोडलेलं हाड ओढून सरळ करू नका. अंगात काही घुसलं असेल तर ते उपसून काढू नका. माझी अख्खी नोकरी 'नका, नका' करण्यात गेली. आमचे हे म्हणतात, "आपल्या लग्नाच्या वेळी कुणीतरी मला एकदा 'नका' म्हणायला हवं होतं."

तर त्या गाठीचं सांगते. दीपक साहू हा आमच्या शेजारणीचा मुलगा. मुंबईला जाऊन कॅमेऱ्याचं काम शिकून आला आणि जुनवानीच्या पलीकडे एक बंद पडलेलं धान्याचं गोदाम भाड्यानं घेऊन रायपूरच्या एका चॅनलसाठी मालिका काढू लागला. मायागढ नावाचं राज्य, त्यावर डोळा ठेवून असलेली चेटकीण, दोन डोक्यांचा राक्षस, कपाळावर मणी असलेली राजकन्या. भाषा हिंदी, मधूनमधून छत्तीसगढी. नट बहुतेक इथलेच. पहिल्या काही भागांतच सेनापतीचा हात मोडला. राजकन्येनं आपला शेला फाडून त्याला झोळी बांधली. गाठ उलटी, आणि तीही बरोब्बर मानेच्या मणक्यावर. त्याच भागात राजवैद्यानं राणीची नाडी अंगठ्यानं पाहिली. अंगठ्याला स्वतःचीच नाडी असते, म्हणजे वैद्यबुवा राणीच्या हाताला धरून आपली तब्येत तपासत होते.

दीपकचा फोन दोन दिवस थांबेना. तो तोंड पाडून माझ्याकडे आला.

"आंटी, लोग चुड़ैल पे कुछ नहीं बोल रहे. खोपड़ी उड़ी, उस पे कुछ नहीं बोले. गाँठ पे गाली दे रहे हैं."

मला आधी हसू आलं. मग वाटलं, बरोबरच आहे की. उडती कवटी कुणी पाहिलेली नाही, ती कशी उडते हे दीपक सांगेल तसं. गाठ मात्र सगळ्यांनी बांधली आहे. माणूस न पाहिलेलं सगळं निमूट मानतो. पाहिलेलं एक चुकलं की उठून बसतो.

अशी मी 'चिकित्सा सलाहकार' झाले. शेवटी जी नावं सरकतात त्यात माझं नाव घोडे आणि बैल पुरवणाऱ्याच्या खाली येई. मी तक्रार केली नाही, कारण घोडे माझ्यापेक्षा जास्त वेळा दिसत.

सुरुवातीला वाटलं होतं, चार गाठी दाखवायच्या आणि चहा पिऊन यायचं. पण काल्पनिक मालिकेत वैद्यकाचे जे प्रश्न पडतात ते कुठल्याही मेडिकल कॉलेजात पडत नसतील. राक्षसाचं काम करणारा नट एकदा गंभीरपणे विचारायला आला, "मैडम, गदा लगने पे बेहोश दोनों सिर होंगे या एक?" मी म्हटलं, हृदय एकच आहे ना, मग दोन्ही. तो म्हणाला, मार तर डाव्या डोक्याला बसतो. त्यावर आम्ही अर्धा तास वाद घातला. मध्येच मला दिसलं की आपण एका फायबरच्या मुंडक्याच्या शुद्धीबद्दल तावातावानं बोलतोय. पण माघार घेतली नाही. दोन्ही डोकी बेशुद्ध पडली. मग सेनापतीनं नाडी कुठल्या मानेवर पाहायची हा प्रश्न आला, तेव्हा मी सांगितलं, "जी जवळ असेल तिच्यावर."

सगळ्यात मोठी फजिती झाली ती धुराच्या प्रसंगात. राणी गुहेत जाते, चेटकीण हिरवा धूर सोडते, राणी कोसळते आणि सगळे सैनिक 'महारानी' म्हणत धावत जातात, असं लिहिलं होतं. सैनिक म्हणून दीपकनं प्लांटमधून निवृत्त झालेले लोक जमवले होते. धिप्पाड, शिस्तीचे, वेळेवर येणारे. दीपकनं इशारा दिला. धूर सुटला. राणी झकास कोसळली. आणि सैनिक जागच्या जागी थांबले. थांबले नाहीत, सगळे मिळून चार पावलं मागे आले. एकानं मान वर करून झेंडा कुठल्या बाजूला उडतोय ते पाहिलं. दुसऱ्यानं भाल्याचं टोक खाली करून मागच्यांना अडवलं. तिसरा सरळ दाराकडे चालू लागला, मदत बोलवायला.

"अरे दौड़ो! रानी गिरी है!" दीपक ओरडला.

"पयले गॅस चेक करा न," एक सैनिक म्हणाला. "बिना मास्कचं कसं जाईन?"

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. प्लांटमध्ये भट्ट्यांचा गॅस असतो. त्याला ना रंग ना वास. एखादा माणूस पडलेला दिसला आणि तुम्ही जिव्हाळ्यानं धावलात, की त्याच्या शेजारी तुम्हीही पडता, आणि तुमच्या जिव्हाळ्याचा तिसरा माणूसही. म्हणून थांबायचं, वारा पाहायचा, हाक द्यायची. हे या लोकांच्या हाडात मुरलेलं. दीपकनं सात-आठ वेळा तो प्रसंग घेतला, दर वेळी पाय आपोआप मागे. शेवटी चेटकिणीनं जमिनीवर एक जादूची रेघ ओढली असं ठरलं आणि रेघेमुळे सैनिक थांबतात असं दाखवलं. दीपक डोक्याला हात लावून बसला होता. मी मात्र कोपऱ्यात उभी राहून इतकी खूश होते की मला ते लपवता येईना.

'बिना मास्कचं' म्हणणारा तो सैनिक म्हणजे रामटेके भाऊ. ही सगळी गोष्ट त्यांचीच आहे.

रामटेके भाऊ भंडाऱ्याकडचे. कोक ओव्हनमध्ये, म्हणजे जिथे दगडी कोळसा भाजून कोक करतात त्या बॅटरीवर, त्यांची सगळी नोकरी झाली. सेक्टर सहात असताना चौदा एप्रिलच्या मिरवणुकीचं पाणी-सरबत कुठे ठेवायचं, कुणाच्या मुलीच्या लग्नात मंडप कुणी घालायचा, सगळं त्यांना विचारून. निवृत्त झाले, नियमाप्रमाणे क्वार्टर सोडलं, आणि जुनवानीत मुलाच्या फ्लॅटवर राहायला गेले. वहिनी त्याच्या आदल्या वर्षी गेल्या होत्या. नव्या इमारतीत कुणी ओळखेना. लिफ्टमध्ये एका बाईंनी त्यांना विचारलं, "किसके यहाँ काम पे हो?" हे त्यांनी मला हसत सांगितलं होतं. हसत सांगितलं, पण तीन वेळा सांगितलं.

ते सैनिकाचे राजा झाले तेही कोक ओव्हनच्या पुण्याईनं. मुळात राजाचं काम रायपूरचा एक देखणा नट करायचा. मे महिना, पत्र्याचं गोदाम, डोक्यावर मोठे दिवे, अंगावर जरीचा अंगरखा, दाढी, मुकुट. तो दर तासाला घेरी येऊन सिंहासनावरून घसरायचा. मी त्याला मीठ-साखरेचं पाणी पाजून पाजून थकले. शेवटी तो परत गेला. दीपकनं सैनिकांवर नजर टाकली. सगळे घामानं निथळत होते. रामटेके भाऊ मात्र चिलखत घालून आरामात शेंगदाणे खात बसले होते.

"अंकल, आपको गर्मी नहीं लग रही?"

"हे गरम हाये?" त्यांनी खरोखरच आश्चर्यानं विचारलं.

त्यांना दाढी लावली आणि सिंहासनावर बसवलं. आवाज खणखणीत, कारण बॅटरीवर हळू बोललेलं ऐकू येत नाही. बसणं असं की आपणही उभं राहावं. महिन्याभरात जुनवानीच्या लिफ्टमध्ये लोक त्यांना आधी आत जाऊ देऊ लागले. भाजीवाला 'महाराज, भेंडी ताजी है' म्हणू लागला. ते सकाळी फिरायला जाताना दाढी करत नाहीत असं सून सांगायची, ओळख पटावी म्हणून. मी त्यांची पुष्कळ थट्टा केली. पण त्यांचं चालणं बदललं होतं हे मला दिसत होतं, आणि चालण्यावरून माणूस ओळखणं हा माझ्या धंद्याचाच भाग आहे.

आणि एके दिवशी संध्याकाळी ते माझ्या घरी आले. चहा ठेवला तरी घेईनात.

"जय भीम, सिस्टर."

"जय भीम. काय झालं?"

"मले मारून राहिले."

मी आधी त्यांच्या अंगावर कुठे मार दिसतो का ते पाहिलं. मग समजलं की मारणार होता तो दीपक. पुढच्या आठवड्यात चेटकिणीचा बाण राजाच्या छातीत लागतो, राजा मरतो आणि राजकन्या सूड घेते, असं लिहून आलं होतं.

"तुमी त्या पोराले सांगा न. डॉक्टरी तुमच्या हातात हाये. या बाणानं माणूस वाचू शकते, एवढंच म्हणा."

"छातीत बाण म्हणजे रामटेके भाऊ..."

"थोडा सरकवा न मंग. बाण काय, इकडे लागला का तिकडे लागला." मग जरा थांबून म्हणाले, "घरी मी काय करू सिस्टर? गॅलरीत बसून गाड्या मोजू?"

मी आयुष्यभर लोकांना खऱ्या जखमांतून वाचवण्याचे नियम शिकवले. खोट्या जखमेतून वाचवण्याची विनंती पहिल्यांदाच आली होती. रात्री अंथरुणात पडल्या पडल्या मी विचार करत होते आणि मला माझाच नियम आठवला. घुसलेली वस्तू काढायची नाही. सळई असो, काच असो, फांदी असो, ती आत आहे तोवर फुटलेल्या शिरेला बूच बसल्यासारखी असते. उपसली की रक्त धो धो वाहतं. तिला हलू न देता, दोन्ही बाजूंनी आधार देऊन, माणूस आहे तसा दवाखान्यात न्यायचा. काढायचं काम सर्जनचं.

दुसऱ्या दिवशी मी दीपकला म्हटलं, "बाण उजव्या खांद्याखाली लागू दे. आणि तो कुणी काढायचा नाही. राजवैद्य येईपर्यंत तसाच राहील."

"और वैद्य कब आएगा?"

राजवैद्याचं काम करणारे गृहस्थ मुलीच्या बाळंतपणासाठी पुण्याला गेले होते आणि लवकर येण्याचं चिन्ह नव्हतं. तेव्हा राजवैद्य संजीवनी आणायला सात डोंगरांपलीकडे गेल्याचं ठरलं. नात झाली होती. वैद्य काही येत नव्हते. राजा जगला.

त्यानंतर मायागढचा राजा छातीत बाण घेऊन राज्य करू लागला. दरबार भरवी, न्याय देई, राजकन्येला रागावे, सगळं बाणासकट. बाण अल्युमिनियमचा होता, अंगरख्याच्या आत पत्र्यावर बसवलेला. दारातून जाताना रामटेके भाऊ तिरके होऊन जात. चहाचा कप डाव्या हातानं घेत. बाणाभोवती काय बांधायचं असं दीपकनं विचारलं तेव्हा मी राणीला चुंबळ करायला लावली, बायका डोक्यावर घागर ठेवताना कापडाची जी गोल वळी करतात ती. प्रथमोपचाराच्या पुस्तकात तिचं भारी नाव आहे, पण वस्तू तीच. बाणाच्या दोन बाजूंना चुंबळ, वरून पट्टी. दर भागात राणी ती पट्टी बदले. दर भागात कुणीतरी बाणाला हात घालायला जाई, आणि राजा गरजे, "तीर मत छूना!"

खरी गोष्ट अशी की असा माणूस इतके दिवस राज्य करू शकत नाही. त्याला पहिल्याच दिवशी ऑपरेशन टेबलावर असायला हवं. मला ते टोचत होतं. पण भिलाईनं एकही फोन केला नाही. चुंबळ बरोबर होती, बाण हलत नव्हता, बाकीचं लोकांनी राजाच्या पुण्याईवर सोडून दिलं. आमच्या गल्लीत मुलं काखेत खराट्याची काडी धरून राजा-राजा खेळू लागली. काडी ओढली तो बाद.

आणि मग जुनवानीत एका बांधकामावर संतराम नावाचा मिस्त्री परांचीवरून खाली पडला. खाली कॉलमच्या सळया उभ्या होत्या. एक मांडीत घुसली आणि दुसऱ्या बाजूनं बाहेर आली.

मला हे कॅज्युअल्टीच्या डॉक्टरांनी फोन करून सांगितलं. ते माझ्या ओळखीचे. मिस्त्री दवाखान्यात आला तो मांडीत सळईचा तुकडा तसाच घेऊन, दोन्ही बाजूंना लुगड्याच्या पदराची चुंबळ बांधून. खालची सळई तिथल्याच माणसांनी कटरनं कापली होती, कापताना चौघांनी ती घट्ट धरून ठेवली होती. डॉक्टर म्हणाले, मोठी रक्तवाहिनी सळईला चिकटून होती, साइटवर ओढली असती तर गेटपर्यंतही पोचला नसता. "सिस्टर, ये लोग आपकी क्लास में थे क्या?"

नव्हते. त्यातलं कुणीच माझ्या वर्गात आलेलं नव्हतं. मी आणि रामटेके भाऊ मिस्त्रीला पाहायला गेलो तेव्हा कळलं. ठेकेदाराच्या माणसानं सळई ओढायला हात घातला होता आणि बिसाहिन नावाच्या एका रेजेनं, म्हणजे विटा वाहणाऱ्या मजूर बाईनं, त्याचं मनगट धरलं होतं. ती तिथेच खाटेजवळ बसली होती. मी विचारलं, तुला कसं माहीत?

ती माझ्याकडे वेडीकडे पाहावं तसं पाहत म्हणाली, "राजा के तीर ला कोनो निकालिस का?"

काय वाटलं ते खरं सांगते. आनंद झाला, डोळ्यांत पाणी आलं, आणि त्याच्या जोडीला चांगली असूया वाटली. उभी नोकरी मी हा एक नियम फळ्यावर लिहिला, तक्ते लावले, बाहुलीत पेन्सिल खुपसून दाखवली. पाठीमागच्या बाकांवर लोक घोरायचे. आणि अल्युमिनियमच्या एका खोट्या बाणानं ते काम दोन महिन्यांत केलं. देवादिकांनाही इतका मत्सर वाटला नसेल.

संतराम मिस्त्रीनं पडल्या पडल्या हात जोडले आणि म्हणाला, "महाराज, आपका तीर कब निकलेगा?" भाऊंनी त्याच्या पट्टीकडे पाहिलं, त्याच्या डोक्यावर हात ठेवला.

त्याच आठवड्यात चॅनलचा निरोप आला. बाण आता पुरे. दिवाळीचा मोठा भाग करायचा, राजकन्या कपाळावरच्या मण्याच्या तेजानं बाण उपसून काढेल, राजा ताडकन उभा राहील, तलवार उचलेल आणि चेटकिणीशी लढेल. नाहीतर राजाला मारून टाका. दीपक उड्या मारतच सेटवर आला. रामटेके भाऊंना त्यानं मिठी मारली. तलवारबाजी, घोडा, पुढे वर्षभर काम. जे मागायला ते माझ्या दारी आले होते ते सगळं, वर घोडा.

मी हरकत घेतली नाही. मनाशी म्हटलं, जादू आहे, मण्याचं तेज आहे, लोकांना कळतं. तसं म्हणायची मला गरज होती, कारण मला रामटेके भाऊ जगायला हवे होते.

"बाण नाई निघणार," रामटेके भाऊ म्हणाले.

दीपकला वाटलं ते विनोद करताहेत. "अंकल, जादू है. हाथ से रोशनी निकलेगी. इतनी रोशनी डालूँगा कि..."

"रोशनी कोणाले दिसते, बापू? हात दिसते. पोरीनं हात घातला, खेचला, न राजा उभा राह्यला. एवढंच दिसते. उद्या त्या बिसाहिनच्या जागी दुसरी कोणी राहीन, ते काय करन?"

"तो फिर आपको मरना पड़ेगा. चैनल मानेगा नहीं."

"मरतो न. कावून नाई मरणार? पण बाणासकट."

दीपकनं माझ्याकडे पाहिलं. मी भाऊंना समजवावं अशी त्याची अपेक्षा होती. मी रामटेके भाऊंकडे पाहिलं आणि मला जुनवानीची ती गॅलरी दिसली, खालच्या गाड्या दिसल्या. त्यांनाही दिसत असणार. ते बाणाची पट्टी नीट करत होते.

मरणाच्या दिवशी सेटवर सगळे आले. सून आली, इमारतीतली लिफ्टवाली बाईसुद्धा आली, सुजीचा शिरा घेऊन. जुने सैनिक रांगेत उभे राहिले. दीपकनं शेवटचं भाषण लिहिलं होतं, सिंहासन, वंश, सूड, सगळं त्यात. रामटेके भाऊंनी ते दोन दिवस पाठ केलं होतं. राणीच्या मांडीवर डोकं ठेवून ते पडले. राजकन्येनं रडत रडत बाणाकडे हात नेला आणि त्यांनी तो वरच्यावर धरला.

मग ते भाषण सोडून भलतंच बोलू लागले.

"हाथ मत लगाना बेटी. कोई हाथ मत लगाना. तीर जैसा है वैसा रहने दो. दोनों बाजू से कपड़े की चुंबळ लगाओ. हिलाओ मत. पानी मत पिलाओ. भीड़ मत करो, हवा आने दो. और रथ बुलाओ. रोते मत बैठो, पहले रथ बुलाओ."

एवढं बोलून त्यांनी मान टाकली. मान टाकली तीही हळूच, बाणाला धक्का लागू नये अशी.

दीपक 'कट' म्हणायला विसरला. सैनिकांतल्या एकानं भाला खाली ठेवला. चुंबळ हा शब्द रायपूरच्या चॅनलला कळणार नाही हे कुणाच्या लक्षात आलं नाही, आणि आलं असतं तरी कुणी तो बदलू दिला नसता.

मग दीपक माझ्याजवळ आला, डोळे पुसत. रोजची पद्धत म्हणून त्यानं विचारलं, "आंटी, मेडिकली ठीक है? मरता हुआ आदमी इतना बोल सकता है?"

मी पदरानं नाक पुसलं. फुप्फुसाजवळ इतके दिवस बाण असलेल्या माणसाला एक वाक्य धड बोलता येत नाही, दर दोन शब्दांना धाप लागते, ओठ निळे पडतात. हे मी उभी नोकरी शिकवलं आहे.

"बोल सकता है," मी म्हटलं.